दुसऱ्याचा कोड आणता, मग त्याची नोंद कोण लिहिणार?

थर्ड-पार्टी फोल्डर, म्हणजे बाहेरून आणलेला कोड ठेवायची जागा, उघडलं की माझं डोकंच फिरतं. आत झेडलिब (डेटा आकुंचित करणारी लायब्ररी), एक जेसन पार्सर, कुठलीशी हॅशिंगची लायब्ररी, शिवाय दोन-तीन सुट्या हेडर फायली. कमिट मेसेज, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना लिहायची ओळ काय, तर 'झेडलिब अ‍ॅड केली'. कुठून आणली? अधिकृत रिलीजमधून की कुणाच्या फोर्कमधून, म्हणजे वेगळ्या काढलेल्या प्रतीतून? नेमक्या कुठल्या कमिटवरून? एका ओळीची नोंद नाही. आणणारा केव्हाच प्रोजेक्ट सोडून गेलेला असतो आणि निस्तरायला आम्ही मागे.

'व्हर्जन हेडरमध्ये असतंच की' हे उत्तर मला कुणी देऊ नका. झेडलिबमधली सीव्हीई-२०१८-२५०३२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक) ही चूक मूळ रिपॉझिटरीत २०१८ मध्येच दुरुस्त झाली होती. ती दुरुस्ती असलेलं रिलीज, म्हणजे १.२.१२, आलं थेट मार्च २०२२ मध्ये! मधल्या काळात ज्यांनी तेवढाच पॅच उचलून लावला त्यांच्या हेडरमध्ये १.२.११ च राहिलं, आणि ज्यांनी लावला नाही त्यांच्याही हेडरमध्ये १.२.११ च. मग आपली प्रत सुरक्षित आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कसं कळणार? बसा ओळ न् ओळ मूळ कोडशी ताडून बघत. स्कॅनरचा भरवसाही नको. बरेच स्कॅनर पॅकेज मॅनेजरची लॉकफाइल, म्हणजे त्यानं आणलेल्या लायब्रऱ्यांची यादी वाचतात, हातानं कॉपी केलेल्या सीच्या फायली त्यांना दिसतही नाहीत.

खरा संताप येतो तो आत केलेल्या बदलांचा. मूळ कोडमध्ये कुणीतरी चार ओळी बदलतो, वर कॉमेंट लिहितो 'हे काढू नका', आणि का काढायचं नाही ते लिहीत नाही. कुठला बग होता, कुठल्या कंपायलरवर दिसत होता, मूळ प्रोजेक्टला पॅच पाठवला का, काही नाही. पुढे कुणी प्रामाणिकपणे लायब्ररी अपडेट करतो, त्या चार ओळी पुसल्या जातात, जुना बग परत येतो आणि शिव्या बसतात अपडेट करणाऱ्याला. हा सरळसरळ अन्याय आहे. बदल वेगळ्या पॅच फाइलमध्ये ठेवा, वर कारण लिहा. त्याला किती वेळ लागतो?

शिवाय हा सौजन्याचा प्रश्नच नाही. झेडलिबचं लायसन्स स्पष्ट सांगतं की बदललेला सोर्स बदललेला आहे असं ठळकपणे नमूद करा. अपाची २.० हे लायसन्सही तेच सांगतं, वर नोटीस फाइल असेल तर ती पुढे न्यायला लावतं. एमआयटी लायसन्सला कॉपीराइटची सूचना सोबत हवी असते. लोकांनी वर्षानुवर्षं राबून कोड फुकट दिला, मोबदल्यात नाव राखा एवढंच मागितलं, आणि आपण लायसन्सची फाइल 'अनावश्यक' म्हणून डिलीट करतो. लाज वाटते मला.

नमुने नाहीत म्हणावं, तर तेही नाही. क्रोमियम ब्राउझरमध्ये बाहेरून आणलेल्या प्रत्येक लायब्ररीसोबत एक रीडमी लागते: नाव, यूआरएल, व्हर्जन, लायसन्स, केलेले बदल. फायरफॉक्समध्ये त्यासाठी यॅमल फाइल आहे. डेबियन लिनक्सच्या कॉपीराइट फाइलचा साचा ठरलेला आहे. एसपीडीएक्स, म्हणजे सॉफ्टवेअरमधले घटक आणि लायसन्स नोंदवायची पद्धत, तर २०२१ पासून आयएसओचं मानक आहे. यातलं काहीही उचला, पण एकच उचला आणि ते कोडशेजारीच ठेवा. एक यादी प्रोजेक्टच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, दुसरी विकीवर, तिसरी 'अबाउट'च्या खिडकीत, आणि तिन्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या, हा प्रकार बंद करा. कधीच काढून टाकलेल्या लायब्ररीचं नावही त्यांत अजून असतं!

'डॉक्युमेंटेशन नंतर करू' हे तर मला आता ऐकवतच नाही. नंतर कुणीही करत नाही. ज्यानं कोड आणला त्यालाच तो कुठून आला हे माहीत असतं, आणि तेही त्याच दिवशी. म्हणून नोंद त्याच कमिटमध्ये हवी. रिव्ह्यू करणाऱ्यांनो, ती नसेल तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, मर्ज करू नका. कोड कितीही चांगला असो, परत पाठवा.