साडेपाचशे मीटर उंचीवरचा स्कूबा क्लब

तुमच्या गावापासून समुद्र दीडशे किलोमीटर लांब असेल आणि मध्ये सह्याद्री आडवा पडलेला असेल तर स्कूबा क्लब काढायला तुमच्याइतकी लायक माणसं शोधून सापडायची नाहीत. आमचं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. हौशी डायव्हरला जास्तीत जास्त ४० मीटर खाली जायची मुभा, नुसता पहिला कोर्स करून बेसिक कार्ड मिळवलेल्याला १८. म्हणजे आमचा क्लब जितका खाली जाऊ शकतो त्याच्या तेरा-चौदा पट तो एरवी हवेतच असतो. तरी चाललाय. कसा ते सांगतो, लिहून घ्या.

वर्ष जूनपासून धरायचं, शाळेसारखं. मे अखेरीला सिंधुदुर्गातले वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ३१ ऑगस्टपर्यंत, त्यामुळे या काळात कोणी "चला, डायव्हिंगला जाऊ" असं म्हणूच शकत नाही आणि म्हणूनच क्लबचं खरं काम याच तीन महिन्यांत होतं. पहिलं काम वार्षिक सभा. अध्यक्ष असा निवडा ज्याचे कान तीन मीटरच्या खाली मोकळेच होत नाहीत, नाक दाबून फुंकर मारून मारून डोळे बाहेर येतात पण दडे सुटत नाहीत. असा माणूस कायम बोटीवर असतो, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतो, फोटो काढतो आणि खाली काय झालं याबद्दल सगळ्यात जास्त बोलतो. आमचे अध्यक्ष सलग पाच वर्षं बिनविरोध आहेत. सभेपुढे विषय एकच ठेवा, टी-शर्टचा रंग. रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राची, सर्व्हिसिंग दर वर्षी करावी लागते आणि सिलिंडरची पाण्याच्या दाबावरची टेस्ट ठराविक वर्षांनी, हे विषय "आयत्या वेळचे" मध्ये टाका म्हणजे तोपर्यंत जेवण आलेलं असतं.

पेपरात बातमी द्यायची असेल तर "ऑक्सिजन सिलिंडर पाठीला लावून" असंच छापून आणा. आत साधी हवाच असते, आपण आत्ता घेतोय तीच, फक्त कोरडी करून २०० बारला दाबून भरलेली, आणि नुसता ऑक्सिजन भरून कोणी सहा मीटरच्या खाली गेला तर त्याला झटके येऊ शकतात, पण हे सांगत बसू नका. हवा म्हटलं की देणगीदाराचा चेहरा पडतो. हवा तर टायरमध्ये पण भरतात की, असं एकानं आम्हाला तोंडावर सांगितलंय.

जुलैत पोहण्याच्या तलावावर नवीन मेंबर घ्या. कोर्सचा नियम साधा आहे, न थांबता २०० मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. आता आमच्याकडची पोरं पंचगंगेला पाणी आलं की पुलावरून उड्या मारणारी, २०० मीटर म्हणजे त्यांना किरकोळ विषय, पण दहा मिनिटं काहीही न करता गप पडून राहणं हे कोल्हापुरात कोणाच्या बापाला जमलेलं नाही. तिसऱ्या मिनिटाला एकजण दुसऱ्याला पाय ओढून बुडवतो. अशांना पास करा. मेडिकल फॉर्मवर दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन असले पन्नास प्रश्न असतात, सगळ्याला "नाही" वर टिक करायची आणि सहीसाठी आपल्याच गल्लीतले डॉक्टर धरायचे, जे लहानपणापासून आपल्याला ओळखतात आणि म्हणून तपासत नाहीत.

ऑगस्टमध्ये पूर येतो. नाही आला तरी फोन येतात. "तुमच्यात स्कूबा करतात ना?" या प्रश्नाला चुकूनही हो म्हणू नका. २०१९ च्या पुरात एका काकांनी मला फोन केला की बेसमेंटमध्ये बुलेट बुडाल्या, तुमची दोन पोरं खाली पाठवून नंबरप्लेट तेवढी बघून द्या, कुठली कुणाची ते कळायला. मी म्हटलं काका, त्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, वर वायरी, गाळ, अडकलो तर वर यायला छप्पर. तर म्हणाले, "मग कशाला शिकला?" एरवीचे फोन विहिरीतले. पाणबुडी मोटर सुटून तळाला गेली, दोर बांधून द्या. अंगठी पडली. एकदा तर म्हशीची साखळी. हे सगळं नाकारलं की गावात क्लबची पत जाते, आणि स्वीकारलं तर माणूस जातो. त्यामुळे "सध्या किट सर्व्हिसिंगला गेलंय" हे वाक्य पाठ ठेवा, वर्षभर चालतं.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात तेव्हा क्लबनं किटची पूजा करावी. समुद्र नसला तरी रंकाळा आहे. इथे दर वर्षी एक उत्साही मेंबर सुचवतो की आपण रंकाळ्यातच प्रॅक्टिस करू, त्याला जलपर्णी दाखवून परत आणायचं. याच महिन्यात खरेदी पण उरकून घ्या. मास्क, फिन्स, वेटसूट राहू दे, आधी डाइव्ह कॉम्प्युटर. मनगटावर बांधायचा, वाटीएवढा, किती खोल आहात, किती वेळ झाला, किती नायट्रोजन अंगात मुरला याचा हिशोब ठेवतो. आमच्यातल्या एकानं तो घेतल्यापासून आजपर्यंत सतरा लग्नांत घातलाय. खोली शून्य.

ऑक्टोबरात पहिली ट्रिप, मालवण. पहाटे चारला निघायचं आणि वाटेत मिसळ खायचीच. तज्ज्ञ लोक म्हणतात डायव्हिंगच्या आधी हलकं खावं. पण रेग्युलेटर तोंडात ठेवून त्यातून उलटी करता येते, तशी सोय बनवणाऱ्यानंच केलेली आहे, मग घाबरायचं कशाला? उलट त्या भागातले मासे ओळखायला लागतात.

बंदरावर पोचल्यावर पर्यटकांकडे तुच्छतेनं बघायला विसरू नका. ते बिचारे किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात उतरतात, गाइडनं मागून सिलिंडरची मान धरलेली असते, बोटीवरचा पोरगा पावाचा तुकडा टाकतो, त्या पावासाठी मासे जमतात आणि पाच मिनिटांत व्हिडिओसकट वर. आपण असले नाही. आपण सगळे असेच सुरू झालो हे फक्त आपल्याला माहीत असतं. महाराजांनी १६६४ ला तो किल्ला बांधायला घेतला तेव्हा आजूबाजूला पाण्याखाली लपलेले खडक हे संरक्षण म्हणून हेरले होते, शत्रूची जहाजं फुटावीत म्हणून. आज त्याच खडकांवर प्रवाळ आहे, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि आमचे मेंबर त्यावर फिन्स टेकून उभे राहून सेल्फी काढतात. खडकांनी शत्रू अडवले, भक्त कसे अडवणार.

खाली गेल्यावरचे सल्ले थोडक्यात, कारण खाली आपण फार वेळ नसतो. दहा मीटरला दाब दुप्पट होतो म्हणून हवाही दुप्पट लागते, वीस मीटरला तिप्पट. त्यात जो वर जास्त बोलतो तो खाली जास्त ओढतो, हे मी स्वतः बघितलंय. नऊ-दहा मीटरवर आमची जोडी होती, मी आणि मालवणचा एक इन्स्ट्रक्टर पोरगा. एका कपारीत मोठा गोबरा बसला होता, तोंड उघडं, कल्ले हलतायत, आमच्याकडं असं बघतोय जसं आपण वीजबिल न्यायला आलेल्याकडं बघतो. मी खूश होऊन त्या पोराला अंगठा दाखवला. आपल्याकडं अंगठा म्हणजे मस्त, विषयच नाही. पाण्याखाली अंगठा म्हणजे वर जायचंय. त्यानं लगेच माझा पट्टा धरला, सावकाश वर आणलं, पाच मीटरला तीन मिनिटं थांबवलं, मी आपला प्रत्येक वेळेला अंगठा, की बाबा सगळं मस्त आहे. वर तोंड काढल्यावर तो विचारतोय, "काय झाला? वर कित्याक इलात?" म्हटलं मासा बघून. "मगे आंगठो कित्याक दाखवलात?" बोटीवर अध्यक्ष फोटो काढत होते.

दुसऱ्या डाइव्हला मी सुधारलो. त्यानं हवा किती उरली विचारलं तेव्हा गेज तळहातानं झाकून बोटांनी ७० बार सांगितलं. होते ३५. ५० ला बोटीवर असायला पाहिजे असं पुस्तकात असतं, पण पुस्तकवाल्याला आधीचा अपमान झालेला नसतो. तुम्हीही असंच करा, फक्त समोरचा पोरगा माझ्यावेळेसारखा हुशार नको, त्यानं माझा हात बाजूला करून स्वतः बघितलं आणि उरलेला वेळ त्याची दुसरी नळी माझ्या तोंडाजवळ धरून ठेवली, जशी आई लहान पोराला चमचा धरते.

रंगांचं पण सांगतो, कारण कोल्हापूरकरांसाठी महत्त्वाचं आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. पंधरा मीटरवर तांबडा रस्सा नेलात तर तो काळपट दिसेल. पांढरा हिरवट. एवढ्या एका कारणासाठी आमचे तीन मेंबर खोल जात नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत मालवणात पाय ठेवायला जागा नसते, मार्चपर्यंत कोणाचं लग्न, कोणाचं इयर एंडिंग. या काळात अंदमानची ट्रिप ठरवायची. हॅवलॉक, आता त्याचं नाव स्वराज द्वीप, तिथं पाणी इतकं स्वच्छ की वीस मीटरवरचं दिसतं वगैरे. ट्रिप ठरवायला चार महिने लागतात, रद्द करायला एक मेसेज. मग त्याऐवजी मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेट करायचं ठरतं आणि शेवटी परत मालवण. मध्ये नौदलातून निवृत्त झालेली गुलदार नौका २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली, निवती रॉकजवळ बुडवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं अशी योजना. आमच्यात तेव्हाच भांडण लागलं, कॅप्टनच्या केबिनमध्ये आधी कोण जाणार. बुडालेल्या जहाजात शिरायला वेगळं शिक्षण लागतं, दोर, टॉर्च, राखीव हवा. आमच्याकडं टॉर्च आहे. लोडशेडिंगचा.

आता सीझनची शेवटची ट्रिप, मे महिना, आणि सगळ्यात मोठा सल्ला. खाली असताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. सावकाश वर आलं की तो सावकाश निघून जातो, घाईत दाब कमी झाला की सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे बुडबुडे होतात, सांधे धरतात, वाईट झालं तर लकवा. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून एका डाइव्हनंतर बारा तास आणि जास्त डाइव्ह झाले असतील तर अठरा तास विमानात बसायचं नाही. हे ऐकून आमचे लोक निवांत, कारण आम्हाला विमान कुठलं, आम्ही क्रूझरनं. पण घाट म्हणजे बिनपंखाचं विमानच. फोंडा चढा नाहीतर करूळ, तासाभरात तुम्ही सहाशे मीटरच्या आसपास, आणि घाट संपला म्हणून खाली उतरायचं नाही, आपलं घरच वर आहे.

म्हणजे रविवारी दोन डाइव्ह केले तर सोमवार सकाळपर्यंत खालीच थांबावं लागतं. कोणाला? ज्याचं सोमवारी ऑफिस नाही त्याला. गेल्या वर्षी मी कणकवलीत हा विषय काढला, ढाब्यावर, सुरमई यायची होती. सगळे गप. मग एकजण म्हणाला, "काय होतंय त्याला." दुसरा म्हणाला त्याचा खांदा मागच्या वेळी चार दिवस दुखत होता पण ते सिलिंडर उचलल्यामुळं. तिसऱ्यानं सतरा लग्नांचा कॉम्प्युटर बघितला, त्यावर विमानाचं चित्र आणि फुली दिसत होती, आणि तो म्हणाला, हे विमानाचं आहे, गाडीचं चित्र कुठाय? शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. ते खाली गेलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांचं डोकं शांत होतं.

तोच आता क्लबचा नियम आहे. तुम्हीही लावून घ्या. घाट सुरू झाला की गाडीच्या चारही काचा पूर्ण खाली करायच्या. नायट्रोजन बाहेर जातो.