मेल सर्व्हर रुसल्यास करावयाचे उपाय

मेल सर्व्हिस सुरू होत नसेल, तर पहिला उपाय म्हणजे ती पुन्हा सुरू करणं. दुसरा उपायही तोच. तिसऱ्या वेळी एंटर जरा जोरात दाबा. सर्व्हरला आपला निर्धार कळला पाहिजे. कारण शोधण्याच्या भानगडीत पडू नका. कारण शोधणारी माणसं दहा मिनिटांत मोकळी होतात, आणि मग उरलेला दिवस त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुम्हाला संध्याकाळपर्यंत 'सर्व्हरवर बसलेत, डिस्टर्ब करू नका' या पदाला पोहोचायचं आहे.

रिस्टार्टच्या या माऱ्याचा एक फायदा लगेच दिसेल. लिनक्सवर सर्व्हिसेसचा कारभार सिस्टमडी बघतो, आणि दहा सेकंदांत पाच सुरुवाती एवढीच त्याची मुळातली सहनशक्ती आहे. त्यापुढे तो हात टेकतो आणि लिहितो, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. झालं! खरी तक्रार वर सरकून दिसेनाशी झाली आणि खाली हे नवं वाक्य उरलं. आता यालाच आजार समजा. पाचाची मर्यादा पन्नासवर न्या. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही पद्धत आपल्या क्षेत्रात फार जुनी आणि आजही चलनात आहे.

सर्वांत मोठं पथ्य लॉगचं, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदवहीचं. लॉग वाचू नका. स्टेटस विचारलं की सिस्टमसीटीएल ही सिस्टमडीशी बोलायची कमांड शेवटच्या दहा ओळी दाखवते, त्याही उजव्या कडेला छाटलेल्या. त्यातला 'फेल्ड' हा लाल शब्द तेवढा पाहा आणि खिडकी बंद करा. उजवीकडे छाटलं गेलेलं असतं ते नेमकं कारण, पण ते बघायला बाणाची कळ दाबावी लागते, आणि अशा प्रसंगी बोटांना इतके कष्ट द्यायची ही वेळ नव्हे. कुणी आगाऊपणे म्हणालंच की जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला सर्व्हिसचं नाव देऊन बघा, किंवा मेल डॉट लॉगमध्ये 'फेटल' शब्द शोधा, तर त्याला सांगा की ते सगळं केव्हाच बघून झालं. हे वाक्य प्रत्येक सर्व्हर रूममध्ये दिवसातून एकदा तरी उच्चारलं जातं आणि आजवर त्याला कुणी पुरावा मागितलेला नाही.

समजा, चुकून नजर पडलीच आणि दिसलं की पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम, म्हणतोय, 'बाइंड पोर्ट २५: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. घाबरू नका. याचा सरळ अर्थ असा की २५ नंबरच्या दारात आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलंय. बहुतेकदा तो सिस्टमबरोबर आपसूक आलेला एक्झिम किंवा सेंडमेल असा दुसराच मेल प्रोग्रॅम असतो, ज्याला आपण कधी बोलावलं नव्हतं आणि निघून जा असंही कधी सांगितलं नव्हतं. 'एसएस' कमांडला चार अक्षरं जोडली की तो कोण आहे ते प्रोसेसच्या नावानिशी कळतं. म्हणूनच ती कमांड देऊ नका. त्यापेक्षा आपलाच पोर्ट बदलून २५२५ करा. सर्व्हिस तत्काळ सुरू होईल. टाळ्या! आता राहिला किरकोळ प्रश्न जगाचा. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ ही मेलच्या देवाणघेवाणीची नियमावली लिहिली तेव्हापासून एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल द्यायची ती २५ वर, असं जग धरून चाललंय, आणि एमएक्स रेकॉर्डमध्ये, म्हणजे आपला मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते जगाला सांगणाऱ्या नोंदीत, पोर्ट लिहायला जागाच नाही. पण जगानेही कधीतरी बदलायला हवं.

याच जातीचा आणखी एक प्रसंग आहे, तो मला मनापासून आवडतो. सिस्टमडी सांगतो, सर्व्हिस बंद आहे. तुम्ही हाताने सुरू करायला जाता तर पोस्टफिक्स सांगतो, 'द पोस्टफिक्स मेल सिस्टम इज ऑलरेडी रनिंग'. मागे कधीतरी सिस्टमडीला न विचारता कुणीतरी तो परस्पर सुरू केलेला असतो, एवढंच. एक म्हणतो मेला, दुसरा म्हणतो जिवंत आहे. अशा वेळी 'किल मायनस नाइन' ही जागच्या जागी ठार करणारी कमांड घेऊन दोघांचाही निकाल लावणं हाच रास्त मार्ग. 'पोस्टफिक्स स्टॉप' म्हणून सभ्यपणे थांबवण्यात कसली आली मर्दुमकी?

आता कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगच्या फाइली. इथे मात्र घाई नको, इथे बिघडवण्यासारखं भरपूर आहे.

पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या फाइलचा एक नियम आहे: ओळीची सुरुवात रिकाम्या जागेने झाली, तर ती ओळ आधीच्या ओळीचाच पुढचा भाग मानली जाते. तुम्ही कुठून तरी चार ओळी उचलून आणता. 'मायहोस्टनेम' ही पहिली, 'आयनेट इंटरफेसेस' ही दुसरी. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी एक स्पेस चिकटून आलेली असते. डोळ्यांना दोन ओळी दिसतात, पोस्टफिक्सला एकच दिसते. त्याच्या लेखी तुमच्या सर्व्हरचं नाव आता 'मेल डॉट अमुक डॉट तमुक आयनेट इंटरफेसेस बरोबर ऑल' इतकं लांबलचक झालेलं असतं. तो बिचारा 'पॅरामीटर मायहोस्टनेम: बॅड पॅरामीटर व्हॅल्यू' असं फाइलच्या नावासकट लिहून प्राण सोडतो. तुम्ही मात्र डोमेनचं स्पेलिंग तपासत बसा. ते बरोबरच असतं, त्यामुळे ते कितीही वेळ तपासता येतं.

तसंच सेटिंगच्या पुढे त्याच ओळीत हॅश देऊन टीप लिहायची चांगली सवय लावून घ्या: 'हे बदलू नये, साहेबांनी सांगितलंय'. पोस्टफिक्स टीप फक्त स्वतंत्र ओळीतच मानतो, त्यामुळे साहेबांचा उल्लेख सेटिंगच्या किमतीचा भाग होतो. साहेबांना सिस्टममध्ये इतकं मानाचं स्थान दुसरीकडे कुठे मिळणार?

डव्हकॉट, म्हणजे पेटीतले मेल लोकांपर्यंत पोहोचवणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर भाग्यवान आहात. २.३ वरून २.४ वर गेलात की जुनी कॉन्फिगरेशन तशीच्या तशी चालत नाही. आता फाइलच्या अगदी सुरुवातीला ती कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते सांगावं लागतं, आणि बऱ्याच सेटिंग्जची नावंही बदलली आहेत. अपग्रेड रात्री आपोआप होऊ द्या, म्हणजे सकाळी 'मी तर कशालाच हात लावला नाही' हे वाक्य छातीठोकपणे म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. मग २.३ साठी लिहिलेले उपाय एकेक करून २.४ वर चढवा. प्रत्येक उपायागणिक तो नवी ओळ दाखवून अडेल. हीच प्रगती.

'पोस्टफिक्स चेक' आणि 'डव्हकॉन्फ मायनस एन' या दोन कमांड्स सर्व्हिसला हात न लावता चुका दाखवतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. दर बदलानंतर फाइलची एक प्रत ठेवा, ती मात्र अशा नावांनी: जुनी, नवी, नवी दोन, फायनल, फायनल खरी. सगळ्या त्याच फोल्डरमध्ये. डव्हकॉटच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात ठेवताना शेवटी 'डॉट कॉन्फ' राहील एवढं बघा, कारण तिथल्या तशा सगळ्या फाइल तो भक्तिभावाने वाचतो. म्हणजे काल रद्द केलेली चूक आज पुन्हा सेवेत रुजू.

परवानग्यांचं फार लांबवत नाही. 'परमिशन डिनाइड' दिसलं की सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, तेही वरच्या फोल्डरपासून खालपर्यंत. वित्से वेनेमा यांनी पोस्टफिक्स लिहिला, १९९८ मध्ये तो जगासमोर आला. त्यात त्यांनी एका अजस्र प्रोग्रॅमऐवजी छोटे छोटे प्रोग्रॅम केले आणि प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार दिले, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे सुरक्षित. एवढा विचार करून बांधलेली भिंत एका कमांडने आडवी करण्यात जे समाधान आहे, ते वेगळंच. त्यातूनही एसईलिनक्स हा लिनक्सचा पहारेकरी आडवा आला तर त्याला 'सेटएनफोर्स झिरो' म्हणून झोपवा. सर्व्हिस सुरू झाली की ते शून्य विसरून जा. मशीन पुढच्या वेळी रीबूट होईल तेव्हा ते आपोआप एक होईल, आणि सर्व्हिस पुन्हा पडेल. तोपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटबद्दल एवढंच: मुदत संपलेल्या सर्टिफिकेटने सर्व्हिस सुरू व्हायची थांबत नाही. लोकांच्या मेल प्रोग्रॅमवर इशारे येतात, बस. सुरू व्हायची थांबते ती फाइल जागेवर नसली किंवा वाचता आली नाही की. तेव्हा डव्हकॉटने 'कान्ट ओपन फाइल' म्हटलं की फाइलचा पत्ता न बघता नवीन सर्टिफिकेट मागवा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं असलं तर फुकट आणि ९० दिवसांचं मिळतं. तेही जुन्याच ठिकाणी, जिथे डव्हकॉट बघत नाही, तिथे जाऊन पडेल. मग आणखी एक मागवा. थोड्या वेळाने ते लोक 'आता पुरे' म्हणून मर्यादा दाखवतील, तेव्हा नाराज व्हायला एक नवीन संस्था मिळेल.

डिस्क भरली असेल ही शंका येऊ देऊ नका. आलीच तर 'डीएफ मायनस एच' बघा, ४० टक्के जागा रिकामी दिसेल, निर्धास्त व्हा. 'डीएफ मायनस आय' बघू नका. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची एक वेगळी फाइल, आणि डिस्कवर फाइलींची संख्याही मोजून दिलेली असते. जागा असूनही नंबर संपतात. जागा खरोखरच संपली असेल तर सर्वांत मोठी फाइल शोधून उडवा. ती मेल लॉग असेल, म्हणजे दोन कामं एका दगडात: जागाही झाली आणि पुरावाही गेला. मात्र ज्या प्रोग्रॅमने ती उघडून धरली आहे तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. मग फाइलही नाही आणि जागाही नाही, अशा निर्गुण अवस्थेला तुम्ही पोहोचाल.

दरम्यान माणसं विचारायला लागतील. सगळ्यांना एकच उत्तर: 'डीएनएसचा प्रॉब्लेम वाटतोय.' डीएनएस ही इंटरनेटवरच्या नावापत्त्यांची वही. सर्व्हिस सुरू न होण्याशी तिच्यातल्या एमएक्स रेकॉर्डचा संबंध नसतो, पण डीएनएस म्हटलं की समोरचा मान हलवून निघून जातो. घाबरलेल्या कुणाला हे मात्र सांगू नका की बाहेरून येणारे मेल लगेच हरवत नाहीत, पाठवणारे सर्व्हर ते आपल्याकडे धरून ठेवतात आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्सच तर मुळात पाच दिवस हार मानत नाही. हे कळलं तर लोक शांत होतील. घबराट हवी, घबराटीशिवाय कौतुक नाही. मेल बंद असल्याची सूचना सर्वांना मेलने पाठवा. देखरेखीची यंत्रणाही अशी लावा की मेल सर्व्हर पडला तर ती त्याच मेल सर्व्हरमार्फत तुम्हाला इशारा देईल. ते सगळे इशारे सुखरूप रांगेत उभे राहतात आणि सर्व्हिस सुरू होताच एकगठ्ठा येऊन कळवतात की सर्व्हिस बंद आहे.

आणि कधीतरी ती सुरू होते. डेबियन लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्सचं स्टेटस हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह', कंसात 'एक्झिटेड' असं दिसतं. ती नुसती नावापुरती सर्व्हिस असते. खरी दुसऱ्याच नावाने मागे चालते, किंवा चालत नाही. तुम्ही हिरवा रंग पाहून उठा.

मग अहवाल लिहा. 'अपरिहार्य तांत्रिक कारण' हा शब्दप्रयोग दोनदा, 'युद्धपातळीवर' एकदा. पुरावा म्हणून स्क्रीनचे फोटो जोडा, म्हणजे अहवाल आठ-नऊ एमबीचा होईल, आणि सर्वांना पाठवा. तो परत येईल, कारण पोस्टफिक्सची मुळातली मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे आणि जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यावर उपाय सोपा आहे. मेसेज साइज लिमिट दहापट करा. मेलबॉक्स साइज लिमिट नावाची एक वेगळी मर्यादा असते, ती ५,१२,००,००० वरच राहू द्या. सर्व्हरवरच्या पेट्यांत मेल टाकणारा जो 'लोकल' नावाचा प्रोग्रॅम आहे, तो पहिली मर्यादा दुसरीपेक्षा मोठी दिसली की कामावर यायला साफ नकार देतो, आणि का नकार दिला ते एका ओळीत लॉगमध्ये लिहून ठेवतो.