दुपारची मालिका कानानं बघायची असते

बेळगावच्या वडगाव-खासबागेत दुपारी दीडच्या सुमारास कुठल्याही विणकर गल्लीतून चालत जा. मागांची खटखट, तिच्यावर आवाज चढवून लावलेला टीव्ही, आणि टीव्हीपुढं बसलेल्या बाईची पाठ टीव्हीकडं. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत असते. नजर धाग्यावर, कारण धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही तर कांडी नुसतीच फिरत राहते. खानापूरकडं माग नाही, तिथं मांडीवर शेंगा फोडायचं सूप असतं, एवढाच फरक. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिका साधारण 22 मिनिटांची. त्यातली पाचसहा मिनिटं मान वर होते, तीही कुणीतरी थोबाडीत मारल्याचा आवाज आला म्हणून.

हे ध्यानात ठेवा आणि मग कलाकार बदलल्यावरची भांडणं वाचा. सगळं चेहऱ्यावर चाललेलं असतं. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये जानेवारी 2025 ला तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे आली तेव्हा 'जुनी मुक्ता गोड होती, ही शोभत नाही' यापलीकडं कुणी गेलं नाही. चेहऱ्याची सवय आठदहा भागांत होते हो. कानाला वेळ लागतो. तेजश्रीचं बोलणं संथ, राग आला तरी आवाज फारसा चढत नाही. संवादलेखकानं सव्वा वर्ष त्याच चालीवर वाक्यं बेतलेली. ती तशीच्या तशी दुसऱ्या नटीच्या तोंडात दिली की वाक्य कुठं तोडायचं तेच तिला कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हिला अभिनय येत नाही. यात नटीचा काय दोष? बदलीनंतर निदान दोन आठवडे तिच्या श्वासाच्या मापानं लहान वाक्यं लिहायला हवीत. पण तेवढी सवड असते कुणाला.

उलट उदाहरण शनायाचं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये 2018 साली रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, 2020 मध्ये पुन्हा रसिका. दोघींचे चेहरे कुठंच जुळत नाहीत. पण 'गॅरी' ही लाडीक हाक राहिली, खादाडपणा राहिला, कामाचं नाव काढलं की तोंड वाकडं करणं राहिलं. टीव्हीकडं पाठ करून बसलेल्या बाईलासुद्धा शनाया आली हे कळत होतं. बदली करावी तर अशी.

पूर्णा आजीचं प्रकरण वेगळं. ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मध्ये वारल्या आणि 'ठरलं तर मग'मधली आजीच गेल्यासारखं झालं. नंतर रोहिणी हट्टंगडी आल्या. त्यांचा आवाज वेगळा, पण वजनाचा. घरातल्या मोठ्या बाईनं 'थांबा' म्हटल्यावर सगळे थांबले पाहिजेत, ते काम या आवाजानं होतं. ज्योतीताईंची नक्कल करणारी कुणी आणली असती तर घरोघरी वाईट वाटलं असतं.

सगळ्यात फसलेली बदली माझ्या मते 'अग्गंबाई सूनबाई'ची, 2021 मधली. 'अग्गंबाई सासूबाई'त सासूचं दुसरं लग्न लावून देणारी शुभ्रा, घरादाराशी भांडणारी, नवऱ्याला, बबड्याला, वठणीवर आणणारी. या पुढच्या मालिकेत तेजश्रीच्या जागी उमा पेंढारकर आणि आशुतोष पत्कीच्या जागी अद्वैत दादरकर आले. इथवर चालतंय. पण शुभ्राच घाबरट, स्वतःवरचा विश्वास गमावलेली करून टाकली. एकाच वेळी चेहरा, आवाज आणि स्वभाव असं तिन्ही बदललं. मग बघणाऱ्यानं ओळखायचं कशावरून, नावावरून? वर्ष संपायच्या आत मालिका गुंडाळली. लोकांनी दोष उमाला दिला, तो पटकथेचा होता.

आता आपल्याकडची गंमत. पुण्याच्या प्रेक्षकाला एक मालिका एकदाच दिसते, बेळगावात दोनदा, मराठीत नि कन्नडमध्ये. 'तुला पाहते रे' ऑगस्ट 2018 ला सुरू झाली आणि जुलै 2019 ला संपली. राजनंदिनीचा पुनर्जन्म, विक्रांत सरंजामेचं खरं रूप, शेवट, सगळं वर्षाच्या आत. तीच गोष्ट झी कन्नडवर 'जोते जोतेयली' म्हणून 2019 ते 2023 चालली. चार वर्षं! पुनर्जन्माचं रहस्य इतकं लांबवता येतच नाही. पाणी घालून घालून आमटीचा नुसता कढण होतो. त्यात 2022 मध्ये नायकच बदलला, अनिरुद्ध जतकर मालिकेतून गेले आणि हरीश राज आले. तिथं अपघात आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची वाट धरली. ही वाट सगळ्यात वाईट का, तर शस्त्रक्रियेनं चेहरा बदलेल, गळा कसा बदलेल? कांड्या भरणारीला हे पहिल्याच वाक्याला कळतं. त्यापेक्षा 'यापुढे ही भूमिका अमुक करतील' अशी पाटी टाकून मोकळं व्हावं. लोक कुरकुरतात नि गप बसतात.

गोष्ट का ताणली जाते, त्याचं कारण लेखकाच्या आळसात शोधू नका. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला 300च्या वर. दिवसाला साधारण एक भाग उरकायचा, हातात साठा चारदोन दिवसांचा. दर गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की ठरलेला ट्रॅक मोडतात आणि कुणाचं तरी अपहरण होतं. नट आजारी पडला, रजेवर गेला, तर त्याचे प्रसंग फोनवर नाहीतर दाराआडच्या बोलण्यात ढकलतात. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं ते सगळ्या महाराष्ट्रानं हसून मोजलंय, बेळगावनंही.

आणि एक दुखणं, कानाचंच. कोल्हापूरची मालिका म्हटली की दोन वाक्यांत एकदा 'लई भारी' घालायचं, झालं कोल्हापूर. 'तुझ्यात जीव रंगला'तल्या राणाचं 'चालतंय की' गोड होतं, कारण ते कधी म्हणायचं हे हार्दिक जोशीला कळत होतं. त्याची नक्कल करणारे सगळ्या वाक्यांना 'की' लावत सुटले. आपल्याकडं 'की' नुसता अलंकार नव्हे, आग्रहाला लागतो आणि वैतागालाही लागतो: 'बस की', 'सांगितलं की तुला'. दोन्हीचा सूर वेगळा. दुसरं म्हणजे कोल्हापूर-बेळगावकडच्या कितीतरी बायका 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. मालिकेतली सून मात्र 'लई' म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात 'मी जाते हं' असं सदाशिव पेठेत जाऊन येईल. आणि बेळगावचं 'काय करूलास?' (काय करतोयस?), 'जेवूलालोय' (जेवतोय) हे तर कुणी घेतच नाही. घेतलं तर हसवायला. गंभीर आई, सावकार, वकील अशा बोलीत बोलताना कुणी दाखवा की. निपाणी-चिकोडीकडं नाटकं करणारी मंडळी काय कमी आहेत? एखाद्या मावशीच्या भूमिकेला त्यांतली कुणी घ्या, बोली शिकवायचा मास्तरही लागणार नाही.

'रंग माझा वेगळा'बद्दलची तक्रार मात्र डोळ्यांची. गोष्ट सावळ्या मुलीची, आणि त्यासाठी रेश्मा शिंदेला मेकअपनं सावळं केलं. रेश्मानं काम चांगलं केलं, वाद नाही. पण रंग चेहऱ्याला एक, मानेला एक, हाताला तिसरा, आणि प्रखर दिव्यात राखेसारखा. सावळी नटी मिळत नव्हती असं कोण म्हणेल? तीच मूळ मल्याळी गोष्ट कन्नडमध्ये 'मुद्दुलक्ष्मी' म्हणून 2018 पासूनच लागायची, त्यामुळं पुढं काय होणार हे इथल्या कित्येक घरांना आधीच ठाऊक.

'लक्ष्मी निवास'चं तेच. कन्नड जानेवारी 2024 ला सुरू झाली, मराठी डिसेंबर 2024 ला. म्हणजे शेजारची कन्नड अक्का तब्बल अकरा महिने पुढं. मराठीतल्या लक्ष्मीवर संकट आलं की भिंतीपलीकडून ती सांगते, 'काळजी नको करू गं, दिवाळीपर्यंत मिटतंय.' तरी बघतात. हर्षदा खानविलकर ते संकट कशी सोसते ते ऐकायचं असतं. मधे लाईट गेली तरी बिघडत नाही. उद्याच्या भागाचं पहिलं मिनिट आजचंच असतं, आणि अक्का आहेच.