चुंबकाला चिकटलं म्हणून हत्यार फेकू नका

घरी छोटा लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) बसवणाऱ्या आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय. 'जुन्या बाजारातलं हत्यार ओळखायच्या खात्रीच्या खुणा'. त्यात म्हटलंय : चुंबक चिकटलं तर साधं लोखंड, नाही चिकटलं तर एचएसएस (हाय स्पीड स्टील, कापायच्या हत्यारांचं खास पोलाद) किंवा कार्बाइड (त्याहून कठीण, टंगस्टनचं). ग्राइंडरवर जेवढ्या ठिणग्या जास्त, तेवढं हत्यार भारी. परदेशी नाव किंवा रेल्वेची खूण दिसली की डोळे झाकून घ्या. मायक्रोमीटर (बारीक मापं मोजायचं साधन) शून्यावर आला की झालं. आणि इंचातलं काही घेऊच नका. माझं सगळं आयुष्य टर्नरच्या, म्हणजे लेथवरच्या कामात गेलं. यातली एकही खूण सांगितली तशी खरी नाही. नवी पोरं हे वाचून चांगला माल टाकून देतायत, म्हणून लिहितोय.

आधी चुंबक. एचएसएस हे शेवटी पोलादच. जुनी १८-४-१ जात घ्या : १८ टक्के टंगस्टन, ४ क्रोमियम, १ व्हॅनेडियम, उरलेलं जवळजवळ सगळं लोखंड. चुंबक चिकटणारच. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात आणि कोबाल्टला चुंबक ओढतं, म्हणून तेही चिकटतं, ओढ जरा कमी एवढंच. माझ्या पुतण्याने भुसावळला एका ढिगातून बोटाएवढे करडे दांडके आणले होते, टोकं तुटलेले एंड मिल (मिलिंग यंत्रात फिरून धातू कापणारी हत्यारं). मेसेज वाचून चुंबक लावलं, चिकटलं, आणि त्याने ते भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देऊन टाकले. एक टेबलावर राहिला होता. मी उचलला तर हात खाली गेला. कार्बाइड त्याच मापाच्या पोलादापेक्षा जवळपास दुप्पट जड असतं. "काका, मला वाटलं जुनं लोखंड असंच जड असतं," तो म्हणाला. कार्बाइडच्या भंगाराला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो, आणि घासून त्याचे बोरिंगचे (भोक मोठं करायचे) टूल झाले असते ते वेगळंच. चुंबक बाजूला ठेवा, माल तळहातावर तोला.

ठिणग्यांचं तर मेसेजने पार उलटं सांगितलंय. जुनी कानस ग्राइंडरला लावा : पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा फुलबाजा उडतो, प्रत्येक ठिणगी टोकाला फुटते. ती फूट कार्बनची. आता एचएसएसचं तुटकं ड्रिल लावा. ठिणग्या थोड्या, मंद, लालसर-नारिंगी, फुटतात क्वचित. टंगस्टन ती फूट दाबतं. म्हणजे लेथवर जे जास्त टिकतं, त्याच्याच ठिणग्या कमी. साध्या कार्बन स्टीलचं पाणी (कडकपणा) दोन-अडीचशे अंशांना उतरायला लागतं, एचएसएस सहाशेच्या आसपासपर्यंत धार धरतं. म्हणून धार लावताना कार्बन स्टीलचं टूल निळं पडलं तर तेवढा भाग गेला समजा. एचएसएसला त्या निळेपणाने सहसा काही होत नाही.

यात एक फसगत आहे, ती मीही खाल्लेली आहे. मोठ्या टेपर शँक (निमुळत्या दांडीच्या) ड्रिलला आणि रीमरला (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मागची दांडी बऱ्याचदा साध्या पोलादाची जोडलेली असते. धार बिघडू नये म्हणून आपण दांडीवर ठिणगी बघतो आणि चांगल्या ड्रिलला कमी लेखतो. गळ्याजवळ जोडाची रेघ दिसते का बघा आणि ठिणगी तिच्या पुढच्या अंगावर काढा. कानशीचा तुकडा आणि एचएसएसचा तुकडा ग्राइंडरशेजारी टांगून ठेवा, प्रत्येक वेळी शेजारी शेजारी लावून बघा. डोळ्यांना चष्मा हवाच. कार्बाइडचा संशय असेल तर साध्या चाकावर घासूच नका : चाक खराब होतं आणि ती धूळ फुफ्फुसाला वाईट. त्याला हिरवं चाक लागतं.

परदेशी नावाबद्दल थोडक्यात. स्टारेट, मूर अँड राइट, मितुतोयो ही नावं मोठी आहेतच. पण नाव सांगतं माल कारखान्यातून कसा निघाला. नंतर तो कुणाच्या हातून कितीदा पडला हे सांगत नाही. आपल्याकडचं अ‍ॅडिसनचं न झिजलेलं ड्रिल मी गोल झालेल्या विलायती ड्रिलच्या आधी घेईन.

रेल्वेच्या खुणेचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तर जास्तच. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली असा माल तुमच्याकडे सापडला आणि तो चोरीचा असल्याचा रास्त संशय आला, तर तो रीतसर आला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. लिलावातला असेल तर विकणाऱ्याकडे कागद असतो. कागद नसेल तर हात लावू नका.

मायक्रोमीटरचं शून्य तर छोट्या आकड्या पान्याने कुणीही जुळवतो. विकणारा ते जुळवूनच ठेवतो. स्क्रूचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात होता तो झिजलेला असतो, आणि ते शून्यावर कळत नाही. बाजारात जाताना खिशात दोन नवी, चांगल्या कंपनीची बेअरिंगं ठेवा : ६२५ आणि ६०८. बाहेरचा व्यास १६ आणि २२ मिलिमीटर, आणि चूक उणे बाजूलाच, मिलिमीटरच्या शतांशाच्याही आत. पुसून मोजा. २२.०० किंवा २१.९९ यायला हवं. २२.०३ आलं तर भाव पाडा नाहीतर सोडा. बेअरिंगची जाडी मोजू नका, तिथे सूट फार मोठी असते. मग एक बारीक छर्रा जबड्यांच्या मध्यभागी आणि कडेला धरून बघा. दोन आकडे वेगळे आले तर तोंडं झिजली आहेत.

राहिलं इंचाचं. जिनिंगची जुनी विलायती यंत्रं, जुने इंजिन-पंप यांचे आटे व्हिटवर्थचे (जुनी इंग्रजी इंचाची पद्धत), ५५ अंशांच्या कोनाचे; मेट्रिकचे ६० अंशांचे. ती दुरुस्त करायची तर इंचाचे टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) लागणारच. गोंधळ होतो तो अडीच सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) टॅपचा. ७.९४ मिलिमीटर, डोळ्यांना एम-८ (८ मिलिमीटरचा मेट्रिक) च वाटतो. नट दोन-तीन आटे जातो आणि अडकतो, आणि माणूस जोर लावून आटे मारून टाकतो. टॅपवर स्केल ठेवून दहा आटे मोजा. साडेबारा मिलिमीटर भरले तर एम-८, चौदाच्या किंचित वर गेले तर अडीच सूत व्हिटवर्थ. असा एक टॅप मी धुळ्याहून चहाच्या पैशांत आणला, आणि आमच्या वस्तीतल्या दोन जुन्या पंपांचे आटे त्याच्यानेच साफ होतात.