बिनदाराची खोली

पायपर जे-3 कब या खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 10.74 मीटर भरतात. मला त्याचं चौथ्या हिश्श्याचं उडणारं मॉडेल बांधायचं होतं, म्हणजे पंख जवळजवळ 2.69 मीटर. हा भागाकार केला तेव्हा मला अजिबात धडकी भरली नाही, कारण तो छोट्याशा कागदावर केला होता.

पंख बांधायला आधी सपाट जागा लागते. सपाट म्हणजे पट्टी उभी ठेवली तर खालून उजेड दिसता कामा नये. तशी पट्टी घेऊन मी घरभर फिरलो. टेबल मधोमध खचलेलं निघालं, फरशीला तर लाटाच होत्या. शेवटी अभ्यासाच्या खोलीचं फ्लश डोअर बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं.

"मॉडेल करणारे बरेच लोक दारच वापरतात," मी बायकोला सांगितलं.

"आणि त्यांच्या बायका काय वापरतात? पडदा?"

"अगं, पंधरा दिवसांत दार जागेवर!"

पहिला पंख दृष्ट लागण्यासारखा झाला. प्लॅनवर प्लास्टिक अंथरायचं, खालचा स्पार, म्हणजे पंखाचा लांब कणा, टाचण्यांनी पक्का करायचा, त्यावर बाल्सा या हलक्या लाकडाच्या फासळ्या एकेक उभ्या करायच्या. बाल्सा शास्त्रात 'हार्डवूड' गणला जातो. प्रत्यक्षात नुसतं नख लागलं तरी खड्डा पडतो. घासायला घेतला की त्याची पिठी अशी उडते, की मी आठवडाभर चष्मा लावून अंदाजानेच वावरत होतो.

प्लॅनवर पंख एकाच बाजूचा काढलेला असतो. दुसऱ्या बाजूसाठी कागदाला तेल लावायचं, तो आरपार दिसू लागला की उलटा अंथरायचा. मी तेल लावलं. तेवढ्यात फोन आला. परत येऊन कागद मन लावून अंथरला. तेल लावलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, हाच तर त्याचा गुण. तीन आठवड्यांनी दोन्ही पंख शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की माझ्याकडे दोन डावे पंख आहेत.

"मग एक उलटा करून लावा की," बायको म्हणाली.

कबच्या पंखाचं पोट जवळपास सपाट आणि पाठ फुगीर असते. उलटा लावला तर विमान एका अंगाने आकाशात आणि दुसऱ्या अंगाने जमिनीत जायला बघेल. हे समजावून सांगताना माझी दोन बोटं सायनोॲक्रिलेटने, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, एकमेकांना चिकटली. 1942 साली बंदुकांच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना शास्त्रज्ञांना हा पदार्थ सापडला, आणि जिथेतिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. शहाणी माणसं! बोटं ॲसिटोनने सुटली. तिसरा पंख मात्र बांधावाच लागला.

मग कव्हरिंग. रंगीत फिल्म छोट्या इस्त्रीने कडेकडेने चिकटवायची आणि मग गरम हवेने ताणून घ्यायची. "स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री लावली नाही," असं माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं. रात्री फिल्म आरशासारखी होती, सकाळच्या उन्हात तिच्यावर सुरकुत्या. पुन्हा उष्णता दिली. सुरकुत्या गेल्या आणि पंखालाच पीळ पडला. टोकाकडे मागची कड किंचित वर हवी, म्हणजे वेग कमी झाल्यावर टोक आधी दगा देत नाही. माझ्या उजव्या पंखाची ती नेमकी खाली गेली होती. यावर इलाज असा, की एकाने पंख उलट दिशेला पिळून धरायचा आणि दुसऱ्याने फिल्म तापवायची. बायकोने पंख पिळून धरला. इतका सफाईदार पीळ मला आयुष्यात जमला नसता. अर्थात तिचा सराव माझ्या कानांवर झालेला आहे.

एलरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. ती हलवणाऱ्या छोट्या मोटरची, म्हणजे सर्व्होची, वायर ओढून घ्यायला फासळ्यांमधून दोरा टाकायचा राहिला होता, त्याबद्दल मी बोलणार नाही.

पाचव्या महिन्यात दार जागेवर गेलं. त्याच्यावर टाचण्यांची शेकडो भोकं आहेत आणि मधोमध गोंदाने छापलेली एक अख्खी फासळी. जादाचा डावा पंख मी त्याच्याच मागे टांगलाय.

"हा कशाला ठेवलाय?"

"अगं, उद्या डावा मोडला तर?"

"आणि उजवा मोडला तर?"

मी दाराकडे पाहिलं. बिजागऱ्यांचे स्क्रू फार आवळलेले नाहीत, हे अजून तिला सांगितलेलं नाही.