‘तीन सेशन नुसता श्वास घ्यायला लावला’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार ताई, हे सेंटर माझं आहे आणि मी स्वतःही इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, मग सकाळी तुमची सेशन घेणाऱ्या मुलीला शेजारी बसवून परत वाचला. तुम्ही लिहिलंय की सिझेरियननंतर नवव्या आठवड्यात पिलाटेस या व्यायामप्रकारासाठी नाव घातलं, तीन सेशन नुसतं आडवं पडून श्वास घ्यायला लावला, स्प्रिंगवाल्या मशीनला हात लावू दिला नाही, पोट होतं तिथेच आहे, आणि लघवीचे प्रश्न बाहेर बसलेल्यांना ऐकू जातील असे विचारले.

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करते, कारण तिथे मला काही बोलायला जागाच नाहीये. तपासणीची जागा आणि वेटिंगच्या खुर्च्या यांच्यात नुसता पडदा आहे, आणि तो मीच लावून घेतलाय. खोकलं शिंकलं की गळतं का, हा प्रश्न कित्येक जणी डॉक्टरकडेही वर्षभर काढत नाहीत आणि तुम्हाला तो चार अनोळखी माणसांना ऐकू जाईल असा विचारला गेला. चूक त्या मुलीची नाही, माझी आहे, मनापासून माफी मागते. आजपासून पहिली तपासणी दार लावता येतं त्या आतल्या खोलीतच होणार, माझं टेबल मी तिथून बाहेर काढलंय.

दुसरं, पोट. आमच्या जाहिरातीत ‘डिलिव्हरीनंतर सपाट पोट’ अशी ओळ होती. ती वाचून कोणीही हेच समजणार की मशीनवर घाम गाळायचा आणि पोट आत. ती ओळ आज सकाळी काढून टाकली. असं वचन आम्ही द्यायलाच नको होतं.

आता श्वासाचं. तुमच्या तपासणीत काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं खाजगी आहे. पण सिझेरियन झालेल्या कोणाहीबद्दल जे खरं असतं ते सांगते, कारण हे तुम्हाला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगायला हवं होतं आणि ते राहून गेलं. वरची त्वचा लवकर मिटते, टाके सुकलेले दिसतात, म्हणून वाटतं झालं बरं, पण खाली स्नायूंवरचं जे जाड पांढरं आवरण शिवलेलं असतं त्याची ताकद सहा आठवड्यांनी साधारण निम्मीच परत आलेली असते, बाकीची यायला पुढे कित्येक महिने जातात. सिझेरियनमध्ये पोटाचे उभे स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, बाजूला सारतात, पण ते गरोदरपणात ताणून एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि मधली पट्टी पातळ झालेली असते. गुडघे वाकवून झोपवून डोकं थोडं उचलायला सांगतो आणि बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवून दाबतो ना, ते त्यासाठीच. किती बोटांची फट आहे एवढंच बघत नाही, बोटांखाली पट्टी ताणलेल्या कापडासारखी घट्ट लागते का बोटं नुसती आत जातात हेही बघतो. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला तर समजायचं की एवढासा भारसुद्धा सध्या जड जातोय.

आणि श्वास म्हणजे टाइमपास नाही हो. श्वास आत घेतला की छातीखालचा श्वासपटल खाली सरकतो, त्याबरोबर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, तेही हलके खाली जातात, श्वास सोडताना दोन्ही वर येतात आणि पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू कंबरेभोवती आवळतो. हे जमलं नाही की बाळाला उचलताना आपण श्वास कोंडून धरतो आणि सगळा दाब खाली आणि मधल्या पट्टीवर जातो, दिवसातून पन्नास वेळा. ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटेस स्वतः तिला कॉन्ट्रॉलॉजी, म्हणजे शरीरावर ताबा ठेवायची विद्या, म्हणायचे आणि श्वासावर त्यांचा मोठा भर होता, म्हणजे तुम्ही केलंत ते पिलाटेसच होतं. मशीन वाईट नाहीये, पुढे हलक्या स्प्रिंगवर आम्हीच घेतो, पण हा श्वास आधी जमायला हवा.

माझं सांगते. दुसऱ्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात, बाळ कडेवर असताना मला शिंक आली आणि पाय ओले झाले. फिजिओ असूनही मी दोन महिने कोणाला बोलले नाही, गडद रंगाचे कपडे घालत राहिले. केगल, म्हणजे तळाचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम, करत होते, पण श्वास कोंडून आणि नितंब आवळून, म्हणजे नको तोच जोर लावून. आणि काही जणींचे हे तळाचे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांनी नुसतं आवळत राहिलं तर दुखणं वाढतं, म्हणून आवळणं सोडणं दोन्ही आधी नीट जाणवायला लागतं. गळण्याचा त्रास असेल तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेची गाइडलाइन सांगते की निदान तीन महिने, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ वेळा आवळायचं. तीन सेशनमध्ये फरक दिसणार नव्हता, आणि हे आम्ही सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं.

ज्या इतर जणी हे वाचतायत त्यांच्यासाठी पटकन, डिलिव्हरीनंतर पळायची घाई बारा आठवड्यांच्या आधी नको, ब्रिटनमधल्या फिजिओंनी 2019 साली काढलेल्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, आणि खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटलं, रक्तस्राव वाढला, टाक्यातून पू आला किंवा ताप आला तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

ताई, तुमच्या उरलेल्या सेशनचे पैसे आज परत पाठवतोय, त्यासाठी तुम्ही काही करायची गरज नाही, रिव्ह्यूही बदलू नका. तपासणीच्या नोंदींची कॉपी बंद पाकिटात काउंटरवर ठेवलीय, दुसऱ्या कोणाकडे जाणार असाल तर ती त्यांना उपयोगी पडेल. आणि परत यावंसं वाटलं तर एक सेशन मी स्वतः घेईन, त्याचे पैसे नाहीत, दार बंद असेल, बाळाला घेऊन या, मध्येच पाजायला लागलं तर तेवढा वेळ सेशनमधून कापणार नाही.