लाइन मोकळी, तरी फोन लागत नाही!

किती वेळा सांगू? आमच्या शेतकरी हेल्पलाइनच्या ई-१ लाइनवर (एकाच डिजिटल फोन लाइनवर) ३० जण एका वेळी बोलू शकतात, म्हणून फोन जोडणाऱ्या कार्डावरची डीएसपी चिपही (आवाजावर काम करणारी चिप) ३० जणांना पुरेल असं नसते! पांढरकवड्याकडच्या गावातला माणूस बोंडअळीचं विचारायला वावरातून हेल्पलाइनला फोन करते, अन् त्याले एंगेज टोन. काहून? बँडविड्थ वाचावी म्हणून झाडून सगळ्या चॅनलला (एका कॉलची एक वाट) जी.७२९ कोडेक, म्हणजे आवाज दाबायची पद्धत, लावून ठेवलं. ६४ केबीपीएसचा आवाज ८ वर येते, कबूल. पण तो दाबायची मेहनत कोण करते? तीच चिप ना? ६४ वाल्या साध्या जी.७११ कोडेकपेक्षा कितीतरी जास्त ताकद खाते ते. वरून इको कॅन्सलेशन, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी काढणं. वरून सकाळची फोनवरची कॉन्फरन्स, जी संपल्यावर कोणी सोडलीच नाही. तिच्यापायी डीएसपी रात्रीपर्यंत अडकून! कॉल तुटला की डीएसपी परत मोकळी करायची, एवढं प्रोग्राममध्ये लिहायला काय जाते? मग करा कार्ड रिस्टार्ट, तोडा चालू असलेले सगळे कॉल. दर हंगामात हेच! अरे, आधी मोजा न बावा, कोणता कोडेक किती खाते, मग चॅनल वाटा. तिकडे पऱ्हाटीची बोंडं सडून राहिली अन् इथं आम्ही कार्डाचा दिवा हिरवा व्हायची वाट पाहत बसलो.